उरलेला वायसर घेऊन चिंचणीला

आधी माझी चूक सांगून टाकतो. नाहीतर पुढे बोईसर-तारापूरकडचा समुद्र, ताडाची झाडं आणि बोंबलाचं कालवण यांचं वर्णन वाचताना तुम्ही माझ्याविषयी उगाच चांगलं मत करून घ्याल, आणि शेवटी ते बदलावं लागेल.

मुंबईत ग्रँट रोडजवळच्या एका लहान वर्कशॉपात मी फ्रीज आणि थंड हवेची यंत्रं दुरुस्त करतो. गेली बावीस वर्षं करतो आहे. मोटारीत बसवलेलं थंड हवेचं यंत्र आमच्याकडे वर्षातून एखाद्‌दुसरंच येतं. तशी एक गाडी पावसाळा संपता संपता आली. आकाशी रंगाची, होडीएवढी लांब अमेरिकन गाडी. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं आहे, तिथल्या एका कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या परदेशी साहेबांची. हवा गार होत नव्हती. मी कॉम्प्रेसर काढला, गळती बंद केली, वायू भरला, कॉम्प्रेसर परत बसवला, पट्टा चढवला. गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर हरेश्वर सकाळपासून माझ्याजवळ दिवा धरून उभा होता. तिशीचा, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. आपण चिंचणीचे, वडील तांडेल (होडीचा प्रमुख), ही माहिती त्यानेच मला दिली.

बोनेट बंद करताना हरेश्वरने बाकावरून एक जाड वायसर (भोकाची लोखंडी चकती) उचलून माझ्यापुढे धरला. म्हणाला, "सायेब, हा ऱ्हायला."

दुपारचे अडीच वाजले होते. माझा जेवणाचा डबा गार होत होता. मी म्हणालो, "तो जादा असतो."

आणि वायसर माझ्या डब्यात टाकला. जेवणाच्या नव्हे, उरलेल्यांच्या. प्रत्येक मिस्त्रीकडे असा एक पत्र्याचा डबा असतो. काम संपल्यावर जे शिल्लक राहतं ते त्यात जातं. डबा खडखडला की मिस्त्री जुना समजायचा. आमच्या धंद्यात हा डबा कोणी लाज म्हणून लपवत नाही, उलट समोर ठेवतात.

तीन आठवड्यांनी साहेबांचं पत्र आलं. यंत्र सुरू केलं की गाडी किंचाळते, यंत्र बंद केलं की गप्प होते. वर्कशॉपचे मालक म्हणाले, "काहीतरी कारण लिहून पाठव." मी इंग्रजीत तीन कारणं लिहिली. पहिलं, समुद्राची खारी हवा. दुसरं, रस्त्यावरची धूळ. तिसऱ्यावर मी खूप वेळ घालवला आणि मला ते फार जमलं असं वाटलं. त्याचा मराठीत अर्थ असा: 'चालक मच्छीमार कुटुंबातला असल्याचे समजते, त्याने पट्ट्यास माशाचे तेल लावले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

वायसर मला त्या वेळी आठवला नाही, असं इथे लिहिणार होतो. पण आठवला होता.

आठ दिवसांनी साहेबांचं दुसरं पत्र आलं. माझ्या सल्ल्याबद्दल आभार मानले होते, आवाज मात्र तसाच होता. कोणीतरी येऊन बघून जावं. गाडी शनिवारी सकाळी काही सामान घ्यायला पालघरला येणार आहे, तिथूनच माणसाला घेईल. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी हत्यारांची पिशवी भरली, आणि तो पत्र्याचा डबाही तिच्या तळाशी ठेवला.

शनिवारी पहाटेची पॅसेंजर पकडली. विरार मागे पडल्यावर डब्यात हवा आली. वैतरणेचा पूल लागला तेव्हा भरती होती. खाडीचं पाणी मिठागरांच्या बांधांना टेकलं होतं आणि बगळे एका पायावर उभे होते. सफाळ्याला समोरच्या बाकावर जागा झाली, तिथे रिकाम्या टोपल्यांची चळत घेऊन एक कोळीण बाई येऊन बसल्या. मुंबईत सुके बोंबील विकून परत चालल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, केसांत अबोलीचा गजरा, हातांत भरपूर बांगड्या. त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं.

"मिस्त्री का?"

"हो."

"कुटं निंगालात?"

"पालघर. तिथून तारापूर. एका साहेबांची गाडी बघायला."

"ती वराडनारी? निळी?" बाईंनी टोपलीवर हात आपटला. "अवो तीच! आमच्या वाटंनं गेली का कोंबड्या खुराड्यात जातात. त्याच गाडीवर माजा पोर होता. हरेश्वर. उतरवला त्याला! आठ-धा दिस झाले, गोदामात गोनी उचलतोय. सोमवारी म्हंतात पार नावच काडनार."

मला जे ऐकायचं नव्हतं ते विचारणं भाग होतं. "का काढणार?"

"कुनी मुंबईच्या सायबानं चिट्टी लिवली, का ह्यानं गाडीला माशाचं त्याल लावलं. आता सांगा मिस्त्री, त्याल आमी होडीला लावतो, लाकडाला. गाडीला कोन लावंल? आनि आमचा हरेश्वर! तो गाडीत बसताना चपला भायेर काडतो."

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक बाभळ होती.

"ज्यानं लिवलं ना," बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याला जल्मभर अळनी कालवन मिळू दे."

यापेक्षा त्यांनी माझा निर्वंश व्हावा म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. तसले शाप लोक रोज देतात, ते लागत नाहीत. हा मात्र नीट विचार करून, मापात दिलेला होता. "मावशी, मी गाडी बघतो, काय ते होईल," एवढंच मी बोललो. त्यांनी मला ओच्यातून एक पेरू काढून दिला. मी तो खाल्ला. काय करणार?

पालघरला उतरलो. स्टेशनाबाहेर गवताच्या गासड्यांचे ढीग होते. मासवण-मनोरकडून बैलगाड्या भरभरून गवत येतं आणि मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होतं. सगळ्या गावाला त्या वाळक्या गवताचा गोड वास होता. एका गासडीवर बसून मी चहा पीत होतो तेवढ्यात बैलांनी माना वर केल्या. मग मलाही ऐकू आलं. बाजाराच्या बाजूने एक लांब, चिरका, कोणीतरी डुक्कर धरल्यासारखा आवाज येत होता. चहावाला म्हणाला, "आली."

गाडी माझ्यासमोर थांबली. ड्रायव्हर उतरला, मोठ्या मिशांचा, उत्तरेकडचा. नाव रामसिंग. मूळचा ट्रकवाला, हरेश्वरच्या जागी तात्पुरता आणलेला.

"मिस्त्रीजी, जल्दी ठीक कीजिए और मुझे मेरा ट्रक वापस दिलाइए," तो म्हणाला. "इसमें हॉर्न की ज़रूरत ही नहीं पड़ती. लोग पहले से भाग जाते हैं."

मी बोनेट उघडलं. पहिलं काम म्हणून पट्ट्याला बोट लावलं आणि वास घेतला. रबराचा वास होता. दुसऱ्यांदा घेतला. तोही रबराचाच. माशाचा सोडाच, तेलाचाही मागमूस नव्हता. खरं सांगतो, मी तिसऱ्यांदा वास घेतला. माझ्या पत्रातलं एखादं तरी वाक्य खरं निघावं, अशी आशा होती.

"क्या सूँघ रहे हैं?" रामसिंगने विचारलं.

"कुछ नहीं."

पट्टा सैल असेल म्हणून ताणून बघितला. आवाज तोच. मग जुनी युक्ती केली. यंत्र चालू ठेवून पट्ट्यावर लोटाभर पाणी शिंपडलं. पट्टा सैल असेल तर पाण्याने घसरून आणखी ओरडतो. पुली तिरकी बसली असेल तर पाणी असेपर्यंत गप्प बसतो आणि वाळलं की पुन्हा सुरू होतो. पाणी पडलं आणि गाडी एकदम गप्प झाली. बैल पुन्हा गवत खायला लागले. मी मनात अंक मोजले. चौदापर्यंत गेलो आणि गाडी पुन्हा किंचाळली.

म्हणजे पुली तिरकी होती. म्हणजे कॉम्प्रेसर जिथे असायला हवा तिथून थोडा मागे बसला होता. म्हणजे त्याच्या पाठीमागे काहीतरी असायला हवं होतं आणि ते नव्हतं. पिशवीच्या तळाशी डबा होता. तिथेच, त्या गवताच्या गासड्यांपाशी, वीस मिनिटांत काम झालं असतं. पण रामसिंग बघत होता, चहावाला बघत होता. मी बोनेट बंद केलं आणि म्हणालो, "बारकाईने तपासावं लागेल."

बोईसरला नाक्यावर भजी-पाव खाल्ले. गेल्या काही वर्षांत या गावाने अंग धरलं आहे. हॉटेलात सातारा, सोलापूर, रत्नागिरी, बिहार, सगळीकडची माणसं एकाच बाकावर बसलेली. मी गाडी दुरुस्त करायला आलोय हे कळल्यावर दोघे-तिघे जवळ सरकले. बांधकामावर होते.

"मास्तर, एक विनंती," त्यातला एक सोलापूरकडचा हळूच म्हणाला. "आवाज राहू द्या की."

"का?"

"सायेब अर्ध्या कोसावर असतानाच कळतंय. तवर बिडी विझवून हातात घमेलं घेता येतं."

दुसरा म्हणाला, "लई सोय झालीया बगा. देवानंच दिलंय ते."

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या कामाने इतके लोक सुखी झालेले बघत होतो.

साहेबांचं घर तारापूरच्या अलीकडे, समुद्राच्या वाऱ्यावर. इतका वारा की दारातला पायपोस उडून कुंपणाला लटकला होता. अशा ठिकाणी थंड हवेचं यंत्र कशाला, हा प्रश्न मी विचारला नाही; उत्तर नाकाला मिळालं. वाऱ्यावर सुकत्या बोंबलांचा वास होता. बाईसाहेबांना तो सोसत नसे, म्हणून गाडीच्या काचा बंद, आणि काचा बंद म्हणून यंत्र. साहेब स्वतः फार सभ्य माणूस. उंच, उन्हाने लाल झालेला. त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला.

"तुमचं पत्र फार उपयोगी पडलं," ते म्हणाले. "आम्हाला इथल्या लोकांच्या सवयी माहीत नसतात. तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. त्या माणसाला लगेच गाडीवरून काढलं."

मी म्हणालो की पत्रात फक्त शक्यता व्यक्त केली होती. ते म्हणाले, "तुमच्यासारखा अनुभवी माणूस शक्यता म्हणतो तेव्हा ती शक्यता नसते." आणि मला लिंबाचं सरबत दिलं. सोमवारी नाव काढणार हे खरं का, मी विचारलं. म्हणाले, कचेरीने तसं ठरवलंय खरं, पण माझा आजचा अहवाल बघून.

म्हणजे त्या माणसाची नोकरी माझ्या पिशवीत होती, पत्र्याच्या डब्यात. ते मला ठाऊक होतं. तरी मी काय केलं? रस्त्यावर चालवून बघायचंय म्हणून गाडी मागितली आणि रामसिंगला चिंचणीला घ्यायला सांगितलं. का, ते आज कबूल करतो. हरेश्वरने कुठेतरी, कधीतरी, एक थेंब का होईना, तेल लावलं असेल, हे त्याच्या तोंडून निघावं म्हणून.

चिंचणी सुरेख गाव आहे. एका बाजूला भाजीचे मळे आणि माडाच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला किनारा. किनाऱ्यावर बांबूच्या उंच चौकटी उभ्या केलेल्या आणि त्यांवर जोडीजोडीने बोंबील टांगलेले, हजारोंनी, वाऱ्यावर हलत. ओहोटीचं पाणी इतकं मागे गेलं होतं की होड्या चिखलात कुशीवर झोपल्या होत्या. उतरताना माझा एक पाय त्याच चिखलात घोट्यापर्यंत गेला आणि चप्पल आत राहिली. ती हात घालून काढून दिली हरेश्वरने. आमची गाडी लांबून ऐकूनच तो घरातून बाहेर आला होता. शनिवारी त्याची अर्धी सुट्टी असे.

"सायेब, तुमी!" त्याचा चेहरा उजळला. "बरं झालं तुमीच आलात."

माझी चप्पल धुऊन देत तो म्हणाला, "ती चिट्टी तुमच्या मालकानं लिवली आसंल ना? मला वाटलंच. तुमी आसता तर आसं नसतं लिवलं. तुमी तर बगितलंय मला. मी पट्ट्याला हात पन लावला नवता."

आता बोल, असं मी स्वतःला म्हणालो. आणि बोललो ते असं: "चप्पल राहू द्या, मी धुतो."

त्याचे वडील होडीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसले होते. सत्तरीचे, उघडे, कमरेला रुमाल. गाडी चालू करून दाखवायला सांगितलं त्यांनी. रामसिंगने केली. चौकटींवरचे कावळे उडाले. म्हाताऱ्याने थोडं ऐकलं आणि होडीतून एक वल्हं आणलं.

मला वाटलं गाडीला मारणार. पण त्यांनी वल्ह्याचं पातं बेताने कॉम्प्रेसरच्या बैठकीवर टेकवलं आणि दांडा कानाशी धरून डोळे मिटले.

"घोळ मासळी अशीच आयकतात," हरेश्वरने मला सांगितलं. "वलं पान्यात सोडायचं आनि कान लावायचा. खाली मासं बेडकागत डरावतात. किती हायेत, कुटं चाललेत, बाबा सांगतो. मंगच जाळं टाकायचं."

माझ्या पिशवीत याच कामासाठी लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. मी तो बाहेर काढला नाही.

म्हाताऱ्याने पातं एकदा इथे, एकदा तिथे टेकवलं. मग रामसिंगला हाताने खूण करून इंजिन बंद करायला लावलं.

"पट्टा बिचारा चांगला हाय," ते म्हणाले. "चाक तिरपं बसलंय. ह्याचं त्वांड हिकडं, त्याचं तिकडं. मंग वराडंल नाय तर काय करंल?"

त्यांनी जाळ्याची बारीक दोरी घेतली. एक टोक हरेश्वरच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोन्ही पुलींच्या तोंडांवरून ताणली. इंजिनच्या पुलीला दोरी चिकटून बसली. कॉम्प्रेसरच्या पुलीपाशी दोरी आणि लोखंड यांच्यामध्ये फट राहिली. म्हाताऱ्याने त्या फटीत करंगळीचं नख घातलं.

"येवडं," ते म्हणाले. "हितं कायतरी येवडं व्हतं, ते पडलं."

यानंतर माझ्याजवळ तपासायला काही उरलं नव्हतं. मी पिशवी उघडली, डबा काढला. वायसर सगळ्यात वर होता. कॉम्प्रेसर सैल करून वायसर त्याच्या मागे सरकवला, बोल्ट आवळले, पट्टा चढवला. दोरी पुन्हा लावली तेव्हा ती दोन्ही पुलींना सारखी टेकली. रामसिंगने यंत्र सुरू केलं. काही ऐकू आलं नाही. मग लाटा ऐकू आल्या.

म्हातारा माझ्याकडे बघत होता. "मिस्त्री, मुंबैवरनं बरोबर त्याच मापाचा आनलात?"

"अनुभव," मी म्हणालो.

हरेश्वर म्हणाला, "सायेब, त्या दिसी बाकावर ऱ्हायलेला, तो आसाच व्हता."

"तसले पुष्कळ असतात," मी म्हणालो.

तो दोरी गुंडाळायला लागला. त्याला संशय आला असेल तर त्याने तो दाखवला नाही. माझ्यावर एवढा विश्वास ठेवणारा माणूस मला आयुष्यात क्वचितच भेटला असेल, आणि तो मला त्या दिवशी भेटायला नको होता.

घरात जेवायला बसवलं. आगगाडीतल्या मावशी चुलीपुढे होत्या. मला बघून त्यांना फार आनंद झाला. "मिस्त्री हुशार! मी तवाच म्हनलं, पिशवी जड हाय." तांदळाची मऊ भाकरी, ओल्या बोंबलाचं लाल कालवण, वर कोकमाचा आंबटपणा. पहिला घास तोंडात घालताना माझा हात खरोखर थांबला. पण मीठ होतं. अगदी बरोबर होतं. इतकं चांगलं कालवण मी मुंबईत कधी खाल्लं नाही. शाप लागायला त्यांना माणूस माहीत असायला हवा होता, आणि तो त्यांच्याच पाटावर बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होता. निघताना त्यांनी सुक्या बोंबलांचं एक पुडकं माझ्या पिशवीत कोंबलं. "घरी न्या. वहिनीला द्या."

चार वाजता साहेबांकडे परत आलो. हरेश्वरलाही बरोबर आणलं होतं. आवाज नसल्यामुळे वाटेत बांधकामावरची आठ-दहा माणसं झाडाखाली पाय पसरून बसलेली सापडली. ती धडपडत उठली. सोलापूरवाला माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती अजून आठवते.

साहेब खूश झाले. मी अहवाल लिहिला. 'आवाजाचे कारण दूर करण्यात आले आहे. पूर्वीचे मत अपुऱ्या पाहणीवर आधारलेले होते. चालकास कामावर घेण्यास हरकत नाही.' इंग्रजीत ही वाक्यं फार सभ्य दिसत होती. कोणी काय केलं याचा त्यांत पत्ता नव्हता. साहेबांनी ती वाचली, हरेश्वरला बोलावलं आणि मला मराठीत सांगायला लावलं.

"त्याला सांगा, या वेळी त्याला माफ केलंय. उद्यापासून गाडी त्याचीच. पण पट्ट्याला पुन्हा कधीही तेल लावायचं नाही."

मी ते मराठीत सांगितलं. शब्दन्‌शब्द सांगितलं. कधी नव्हे इतका प्रामाणिक दुभाषा झालो होतो. हरेश्वर खाली बघत होता. मग साहेबांना हात जोडून तो म्हणाला, "बरं. नाय लावनार."

मला स्टेशनवर सोडायला तोच निघाला. यंत्र चालू होतं, काचा बंद होत्या. आतापर्यंत त्या गाडीत कोणाला बोलताच येत नसे; आता इतकी शांतता होती की माझा श्वास मला ऐकू येत होता. ताडाची झाडं मागे जात होती. मी दोनदा घसा साफ केला. हरेश्वर म्हणाला, "थंड जास्त व्हतंय काय? कमी करू?"

बोईसरचं फाटक बंद होतं. पलीकडे स्टेशन दिसत होतं, सिग्नल पडलेला होता. गाडी थांबवून तो म्हणाला, "त्याल न्हाई लावलं ह्ये तुमाला ठाव हाय ना सायेब? येवडं बास. बाकी कोन काय बी म्हनू दे."

मी म्हणालो, "गाडी वळवा."

"आवो तुमची पॅसेंजर चुकंल."

"चुकू दे. वळवा."

साहेब अंगणात पायपोस दाराशी बांधत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि पत्र्याचा डबा त्यांच्या पुढे धरला. या खेपेला माझं इंग्रजी सभ्य नव्हतं, मोडकंतोडकं होतं, पण प्रत्येक वाक्य 'मी' पासून सुरू होत होतं. मी वायसर बसवला नाही. याने मला दाखवला होता. मी जादा आहे म्हणालो. मी तेलाचं खोटं लिहिलं. मी तुम्हाला मघाशी अर्धंच सांगितलं. साहेबांनी डब्यात वाकून बघितलं. मग मला ओलांडून गाडीपाशी गेले, हरेश्वरचा हात धरून हलवला आणि त्यांना येत असलेला एकुलता एक मराठी शब्द म्हणाले, "नमस्कार." त्यानंतर माझ्याकडे वळून म्हणाले की ते माझ्या मालकांना लिहितील. तसं त्यांनी लिहिलंही. त्यावरून मोटारींचं काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं, आणि हल्ली मी फक्त फ्रीज बघतो. तक्रार नाही. फ्रीज आपल्या जागेवर उभा असतो, त्याच्याबरोबर कोणी दिवा धरून उभं नसतं.

परतीच्या प्रवासाविषयी लिहिण्यासारखं फारसं नाही. पुढची गाडी मिळाली, डबा जवळजवळ रिकामा होता. वैतरणेला ओहोटी लागली होती. पिशवीतल्या बोंबलांचा वास येत होता आणि समोरच्या गृहस्थांनी दोनदा नाकाला रुमाल लावला. मी पिशवी मांडीवर घेतली. त्या वासावरून मी एका माणसाविषयी एक वाक्य लिहिलं होतं, आणि त्याचीच आई मला ते घरी न्यायला देते, हे मी मुंबईपर्यंत मनात उलटसुलट करत होतो. उरलेल्यांचा डबा आता मी समोर ठेवत नाही. त्यात काही पडलं की काम पुन्हा उघडतो. जेवण गार होतं, होऊ दे.

पण एक सांगायचं राहिलं. साहेबांशी बोलणं इंग्रजीत झालं, ते हरेश्वरला कळलं नव्हतं. साहेबांनी हात का मिळवला हे त्याने मला फाटकापर्यंत विचारलंही नाही. माफी मागणं परक्या भाषेत त्या मानाने सोपं गेलं होतं. स्टेशनवर त्याने माझी पिशवी उचलून फलाटावर आणली. गाडी दिसायला लागली होती. मी पिशवी त्याच्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि हात जोडले.

"हरेश्वर, ती चिठ्ठी मालकांनी लिहिली नाही. मी लिहिली. तो वायसर तोच होता, तुम्ही दाखवलेला. मी पट्टा न बघता, तुम्ही कोळ्यांच्या घरचे एवढ्यावरून तेलाचं लिहिलं. माझं चुकलं. मला माफ करा. आणि घरी गेल्यावर आईला सांगा, तो माणूस त्यांच्याकडे जेवून गेला."